गोठलेल्या दाराची सोयरीक

आम्ही कशेळीहून हिमाचलला जायला निघालो आणि पहिला तासभर मानकोली नाक्यावरच उभे राहिलो. पुढे ट्रेलर, मागे कंटेनर आणि बाजूला आपली रिक्षा आमच्या बंपरखालून जाईल का, याचा अंदाज घेणारा रिक्षावाला.

"विमानानं गेलो असतो तर एव्हाना चंदीगड आलं असतं," ताई म्हणाली.

"इमानातून काय कलतंय, वंदे?" भाऊजी स्टिअरिंगवर बोटं वाजवत म्हणाले. "झोपायचं आन् उतरायचं. माजी पोर किती लांब जानार, ते मला चाकाखालून बगायचंय."

प्रवासाचं कारण हेच होतं. माझी भाची प्राजक्ता मानकोलीच्या एका मोठ्या गोदामाच्या ऑफिसात कामाला आहे. तिथेच अभिनव नावाचा हिमाचलचा मुलगा आहे. दोघांना लग्न करायचं होतं. पुढेमागे गावी परतून सफरचंदांची बाग बघायची, असं अभिनवच्या मनात होतं आणि प्राजक्तालाही ते मान्य होतं. अडलं होतं ते जनार्दनभाऊजींपाशी. ते हो म्हणेनात आणि नाहीही म्हणेनात. शेवटी त्यांनी जाहीर केलं, की मुलाचं घर आपण ऐन थंडीत, आपल्या गाडीनं जाऊन बघणार. पोरांनी बरोबर यायचं नाही आणि कोणी फोन करून त्यांना काही सांगायचंही नाही. "निकाल मी सांगनार."

पंच म्हणून मला घेतलं. मी ताईचा धाकटा भाऊ, भिवंडीतल्या एका शाळेत भूगोल शिकवतो. त्यामुळे हिमाचलची मला सगळी माहिती असणार, असा भाऊजींचा समज होता. मी तो मोडला नाही. नाताळची सुट्टी होती आणि गाडीत मागची अख्खी सीट मला मिळणार होती.

गाडीबद्दल सांगायला हवं. पांढरी, उंच, आरशासारखी चकचकीत. भाऊजी ती रोज सकाळी स्वतः धुतात. खाडीकाठची शेती गेली, तिथे गोदामं उभी राहिली, दाराशी माणसं कामाला आली, पण गाडीला फडकं फक्त मालकच लावणार. त्यांच्या सीटवर दुसऱ्या कुणी बसायचं नाही. ताईनं एकदा नुसती पर्स ठेवली होती, तर ती उचलून त्यांनी अदबीनं तिच्या मांडीवर ठेवली.

त्या सीटच्या मागे, माझ्या पायाशी, दोन गोष्टी होत्या. एक ताईची कापडी पिशवी. तिच्यात मुलाच्या आईसाठी साडी, खण, नारळ आणि साखरेचा पुडा. "पसंत पडलं तरच काढायची," अशी तिला ताकीद होती. दुसरा भाऊजींचा डबा. त्यात सुका जवळा आणि सुके बोंबील. परमुलखात जेवणाचं काय होईल सांगता येत नाही, म्हणून. कसारा घाट चढेपर्यंत त्या डब्यानं मला माझी जागा दाखवून दिली. पुढचा सगळा उत्तर भारत मी खिडकी बोटभर उघडी ठेवून पाहिला.

धुळं गेलं, इंदूर आलं. पोह्यांवर शेव आणि बडीशेप बघून भाऊजींनी ताटलीला वळसा घालून पाहणी केली आणि मग तीन ताटल्या खाल्ल्या. आग्र्याला धुकं इतकं होतं, की ताजमहाल कुठल्या बाजूला आहे हे आम्ही एका पोलिसाला विचारलं, त्यानं हात केला, आणि आम्ही त्या दिशेला आदरानं बघून पुढे निघालो.

वाटेत एक गोष्ट मात्र मनाला सुखावत होती. कुठल्याही ढाब्यावर बसा, ट्रकवाले विचारणार, "कहाँ से?" आम्ही "भिवंडी" म्हटलं की त्यांचा चेहरा उजळायचा. अंबाल्याजवळ एक सरदारजी तर उठून आमच्या खाटेवर येऊन बसले.

"भिवंडी! ओ जी, मेरी आधी ज़िंदगी वडपे के गेट पे माल उतरने की राह देखते गई है."

"मंग? आमचं गाव मोठंच हाय," भाऊजी मला म्हणाले. त्यांनी ते कौतुक म्हणून घेतलं.

शिमला मागे पडलं तशी थंडी दातांत शिरायला लागली. ठियोग, मग नारकंडा, आणि तिथून आत वळणारा एक अरुंद रस्ता. डाव्या हाताला दरी, उजव्या हाताला सफरचंदांची झाडं. डिसेंबरअखेर त्यांच्यावर पान नव्हतं. नुसत्या करड्या काटक्या हात वर करून उभ्या. भाऊजी प्रत्येक वळणाला गाडी हळू करून दरीकडे बघत होते. दुपार कलायला लागली तेव्हा दगडी पाट्यांच्या छपराचं एक दुमजली लाकडी घर दिसलं. दारात अभिनवचे आईवडील उभे होते. सुरेंदरजी उंच, सावकाश बोलणारे. कमलाजी लहानखुऱ्या, चपळ, डोक्याला फुलाफुलांचा धाटू (मागे गाठ मारलेला रुमाल) बांधलेल्या.

त्यांनी आम्हाला थेट स्वयंपाकघरात नेलं. तिथल्या घरांत मध्यभागी तंदूर असतो. आपला रोटीचा नव्हे, तर लाकडं घालायची लोखंडी शेगडी. तिचा धूर नळीतून छपराबाहेर जातो आणि घरातली सगळी माणसं तिच्याभोवती बसतात. कमलाजींनी सिड्डू वाढले. सिड्डू म्हणजे आत अक्रोडाचं सारण भरून वाफवलेली गव्हाची जाड करंजी. ती मधोमध फोडायची आणि वर तूप ओतायचं. तूप "बस" म्हणेपर्यंत ओतायचं असतं आणि आम्हाला कुणालाच बस म्हणता येईना.

भाऊजी खात होते, पण डोळे खोड काढायला फिरत होते. पाणी कुठून येतं, वीज किती वेळ असते, जिना इतका उभा का, सगळं विचारून झालं. सुरेंदरजी शांतपणे उत्तरं देत होते. शेवटी भाऊजींनी घास खाली ठेवला.

"एक बात पूछता. दवाखाना किदर है?"

"छोटा वाला नारकंडा में. बड़ा शिमला में."

"और बर्फ पडा, रस्ता बंद हो गया, और मेरी पोरगी बीमार पडी तो?"

लाकडं तडतडत होती. सुरेंदरजींनी नवऱ्यामुलाच्या बापासारखं काही गोड सांगितलं असतं तर चाललं असतं. ते म्हणाले, "दिक्कत तो होती है, जनार्दनजी. झूठ नहीं बोलूँगा."

कमलाजींनी शेगडीत आणखी एक लाकूड सरकवलं. भाऊजी उठले, हात धुतले आणि अंगणात गेले. त्यांचं मन जड झालं की ते एकच गोष्ट करतात. त्यांनी गाडी धुवायला काढली.

गाडीचा अवतार तसाही बघवत नव्हता. पाच राज्यांचा चिखल तिच्यावर होता. त्यांनी कमलाजींकडून कोमट पाण्याच्या बादल्या मागून घेतल्या. सुरेंदरजी हातवारे करत बाहेर धावले. "रहने दीजिए, आज मत धोइए! रात को पाला पड़ेगा!"

भाऊजींनी खिडकीतून मला हाक मारली. "मास्तर, पाला पडंल म्हनतोय. पाला म्हंजी?"

मी तंदूरला पाठ लावून चौथा सिड्डू फोडत होतो. "पाला म्हणजे पाला," मी म्हणालो. "पानं."

भाऊजींनी अंगणातल्या झाडांकडे पाहिलं, मग सुरेंदरजींकडे पाहिलं. "झाडाला एक पान न्हाय आन् पाला पडंल म्हनतो!" ते हसून म्हणाले, "गिरने दो! सुबे झाडू मार देगा!"

सुरेंदरजींना या पाहुण्याच्या धैर्याचं कौतुक वाटलं असावं. ते मुकाट्यानं आत आले. हिंदीत पाला म्हणजे दवाचा झालेला बर्फ. आपल्याकडे त्याला दहिवर म्हणतात, आणि हा शब्द मी दरवर्षी फळ्यावर लिहून खाली दोन रेघा ओढतो.

सकाळी पडदा सारला आणि मला वाटलं, आपल्या खाडीकाठचं मिठागर कुणीतरी उचलून इथे आणलंय. गवत, कुंपण, अंगणातली दोरी, सगळं पांढरं आणि खरखरीत. मधोमध आमची गाडी. तिच्यावरून ओघळलेलं पाणी जिथल्या तिथे थिजलं होतं. दारांच्या फटी बुजल्या होत्या, हँडलांखाली काचेसारख्या दाढ्या लोंबत होत्या.

सुरेंदरजी आभाळाकडे बघत होते. "दोपहर तक बर्फ आएगी. निकलना है तो दो-तीन घंटे में निकलिए. नहीं तो फिर चार-छह दिन यहीं."

चहा पिता पिता ताई भाऊजींना म्हणाली, "मग? पिशवी आणताय ना? मला माणसं आवडली."

"बगू," भाऊजी म्हणाले. त्यांचं 'बगू' आमच्या घरात सगळ्यांना माहीत आहे. बैलानं मान हलवावी तसं ते असतं. पण ताईनं कप खाली ठेवून त्यांच्याकडे नुसतं पाहिलं, तेव्हा ते उठले.

रिमोट दाबला. आत खट्ट आवाज झाला, दिवे लुकलुकले. दार मात्र हलेना. दुसरं हलेना, तिसरं हलेना. चौथ्या दाराशी पोचेपर्यंत भाऊजींच्या चेहऱ्यावर मला एक विलक्षण समाधान पसरलेलं दिसलं.

"वंदे, बग. दारच उघडंना. देवाच्याच मनात न्हाय."

"देवाला कशाला मधे घेता?" ताई पायरीवरून म्हणाली. "गाडी देवानं न्हाय धुतली, तुम्ही धुतली!"

आता मला काही करणं भागच होतं. पाल्याचा अर्थ रात्री सुरेंदरजींनी मला समजावून सांगितला होता आणि तेव्हापासून मी भाऊजींची नजर चुकवत होतो. मी पुढे झालो, भाऊजींच्या बाजूचं हँडल दोन्ही हातांनी धरलं, पाय रोवले आणि जोर लावला. कट्ट! हँडल माझ्या हातात आलं. दार जागच्या जागी.

भाऊजींनी हँडलाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं.  शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

"होता है, होता है," सुरेंदरजी घाईघाईनं म्हणाले. "मेरी पिकअप का तो पिछले साल दो बार टूटा. खींचना नहीं चाहिए. पहले दबाना चाहिए."

तेवढ्यात भाऊजी घरात जाऊन उकळत्या पाण्याची किटली घेऊन आले. ते ती काचेवर ओतणार, तोच सुरेंदरजींनी त्यांचं मनगट धरलं. "काँच चटक जाएगी!" मग त्यांनी दाखवलं. दाराला पाठ लावायची आणि कमरेनं ठोसा द्यायचा, म्हणजे रबराला चिकटलेला बर्फ आतल्या आत तुटतो. ताईच्या पर्समधलं सॅनिटायझर त्यांनी हँडलांच्या खाचांत सोडलं. अल्कोहोलनं बर्फ वितळतो, म्हणाले. आणि मग गाडीच्या एका बाजूला ते, दुसऱ्या बाजूला भाऊजी, असे दोघे आलटून पालटून कमरेचे ठोसे द्यायला लागले. होणारे व्याही एकमेकांना भेटल्यावर काय काय करतात ते मी पुष्कळ पाहिलंय, पण असला नाच पाहिला नव्हता.

गंमत म्हणजे मघाशी देवाचा हवाला देणारे भाऊजी आता सगळ्यांत जोरात ठोसे देत होते. सोयरीक राहिली बाजूला, गाडी त्यांची होती. दारं करकरली, पण हँडलं मोकळी होईनात. अंगणात ऊन यायला अजून अवकाश होता आणि पलीकडच्या डोंगरामागून राखाडी ढग चढत होते.

"अवो," ताईला आठवलं, "मागची बाजू धुतली का काल?"

भाऊजी थांबले. "न्हाय. हात गारठलं. म्हटलं उद्या बगू."

आम्ही सगळे मागे धावलो. डिकीवर नुसता पांढरा थर होता. दोनदा ठोकली आणि ती चर्रर्र आवाज करत वर गेली. पण पुढे काय? आतून कुणीतरी सीटांवरून सरपटत पुढे जायला हवं होतं. भाऊजी डिकीत मावणारे नव्हते. सुरेंदरजींचा गुडघा धड नव्हता. ताईनं साडीकडे बोट दाखवलं. सगळे माझ्याकडे बघायला लागले, तसा मी हातातल्या तुटक्या हँडलाकडे बघायला लागलो.

"हटिए," कमलाजी म्हणाल्या. त्यांनी चपला काढल्या, धाटू घट्ट केला आणि आम्ही काही म्हणायच्या आत डिकीत चढल्या. बॅगांवरून, मागच्या सीटवरून त्यांचे पाय दिसेनासे झाले. मग आतून आवाज आला.

"हाय राम! यहाँ कुछ मरा पड़ा है क्या?"

"मरा नै, मरा नै!" भाऊजी ओरडले. "सुकाया है! मच्छी है!"

आत खोकल्याची उबळ, मग हसू, मग एकदम हॉर्न. त्या पुढे पोचल्या होत्या. काचेच्या पांढऱ्या थरामागे त्यांचा रुमाल हलताना दिसला. भाऊजींच्या सीटवर. मी भाऊजींकडे चोरून पाहिलं. ते नखानं काचेवरचा बर्फ खरवडायला लागले.

"मैं पैर से धक्का दे रही हूँ!" आतून हुकूम आला. "आप लोग बाहर से ठोकिए! भाई साहब, ज़ोर से!"

बाहेरून दोन बाप, आतून एक आई. पहिल्यांदा काही नाही. दुसऱ्यांदा खालची कड सुटली. तिसऱ्यांदा मोठा कडाका होऊन दार उघडलं आणि बर्फाचे पापुद्रे अंगणभर फुटले. कमलाजी सीटवर आडव्या, धाटू एका कानावर, पायमोजा फाटलेला आणि घोट्याला खरचटलेलं. त्यांना धाप लागली होती. उठून बसल्या, पण उतरल्या नाहीत.

"भाई साहब," त्या म्हणाल्या, "कल आपने पूछा था, लड़की बीमार पड़ी तो? मैं कुछ बोली नहीं. रात भर सोचती रही. जवाब मेरे पास अब भी नहीं है. रास्ता बंद होता है तो होता है. मेरा अभिनव भी ऐसी ही बर्फ में हुआ था, इसी रसोई में. बस इतना कह सकती हूँ, वो अकेली नहीं रहेगी. मैं साथ बैठी रहूँगी."

भाऊजी खाली बघत होते, कमलाजींच्या घोट्याकडे. मग त्यांनी वाकून सीटमागचं काहीतरी ओढलं. मला वाटलं, फडकं काढतायत. त्यांनी ताईची पिशवी काढली.

"वंदे," ते म्हणाले, "ह्यांची ओटी भर."

ताईच्या डोळ्यांत पाणी आलं. "भरते की. आत तरी येऊ देत त्यांना."

"नको. बसल्यात तर बसू दे."

अशी ती ओटी भरली गेली. कमलाजी भाऊजींच्या सीटवर, पदराऐवजी धाटू पुढे पसरलेला, आणि ताई दारात उभी राहून नारळ, खण, साडी घालतेय. साखरेचा पुडा भाऊजींनी स्वतः सुरेंदरजींच्या हातात दिला. कमलाजींना ओटी म्हणजे काय ते माहीत नव्हतं. त्यांनी विचारलंही नाही. पहिला बर्फ पडायला लागला तेव्हा आम्ही सगळे अंगणात उभं राहून साखर खात होतो.

बर्फ दाट व्हायच्या आत आम्ही उतरलो. परतीच्या प्रवासात तुटक्या हँडलानं आपली हजेरी लावली. भाऊजींचं दार बाहेरून उघडेना. प्रत्येक ढाब्यावर ते डावीकडून चढायचे, गिअरवरून पाय टाकायचे आणि आपल्या सीटवर पडायचे. पडता पडता दर वेळी म्हणायचे, "मास्तर, पाला म्हंजी पानं, न्हाय का?" अंबाला ते नाशिक मी हे वाक्य ऐकलं. सुका जवळा मात्र वर राहिला होता. ताईनं त्याची चटणी कशी करायची ते कमलाजींना शिकवून डबा तिथेच ठेवला. वासावरून त्यांनी ती कधी केली असेल असं वाटत नाही, पण मला मागची सीट प्रथमच सुखाची झाली.

आता शाळेत सगळे विचारतील, काय काय पाहिलंत? नारकंड्याजवळचं हाटूचं शिखर पाहिलं नाही. ढगात होतं. ताजमहाल धुक्यात होता, जातानाही आणि येतानाही. फोटोंमध्ये पांढऱ्या गाडीवर पांढरा बर्फ आहे, त्यात काही ओळखू येत नाही. मला आठवतोय तो घोट्यावरचा ओरखडा आणि त्याकडे बघत उभा राहिलेला माणूस. मुलीचं घर बघायला गेलेल्या बापाला छप्पर, नळ, जिना, दवाखाना सगळं तपासता येतं. पण खरं जे बघायचं असतं, ते बघायला मिळेलच याची खात्री नसते. आम्हाला मिळालं. तेही भाऊजींनी नको त्या वेळी गाडी धुतली म्हणून. हे मी त्यांना सांगितलेलं नाही. नाहीतर पुढच्या खेपेला ते दोन वेळा धुतील.

कशेळीला पोचलो तेव्हा ऊन चढलं होतं आणि मी स्वेटर कंबरेला बांधला होता. प्राजक्ता फाटकात उभी होती. भाऊजींनी शब्द पाळला होता. कुणी तिला एका अक्षरानं काही कळवलं नव्हतं. तिनं माझ्याकडे पाहिलं. मी भूगोलाच्या मास्तरासारखं आभाळाकडे पाहिलं. ताई बॅगा मोजायला लागली.

भाऊजी गाडीतून उतरले, डिकीपाशी गेले आणि आतून एक गुंडाळी काढली. लोकरीचा पट्टू (अंगावर घ्यायची जाड शाल), तांबडा, काठाला रंगीत वेलबुट्टी. निघताना कमलाजींनी तो गुपचूप त्यांच्याकडे दिला होता. आम्हालाही दाखवला नव्हता. भाऊजींनी तो प्राजक्ताच्या हातात ठेवला आणि लगेच मागे वळून चाकाकडे बघायला लागले.

"हे काय, बाबा?" तिनं विचारलं.

"तुज्या सासूनं दिलंय," भाऊजी म्हणाले, आणि बादली आणायला आत गेले.